लेकुरवाळीचं बीळ

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. अलिबागला समुद्राच्या काठी वाढले, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही. पाल दिसली की मी खोली बदलते. अशा बाईनं प्राणिशास्त्र कशाला घ्यावं, असं आई विचारायची. बरणीतले प्राणी चावत नाहीत, असं मी सांगायचे. त्या एका उत्तराच्या जोरावर मी एमएस्सी झाले आणि परभणीच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायला लागले.

तिथून मी तीन दिवसांसाठी सोनपेठच्या पुढं गोदावरीवर गेले होते, खेकडे बघायला. परत आल्यावर सगळे विचारतात, काय पाहिलं? पाहिलं ते सांगतेच. पण त्या तीन दिवसांत माझ्या एका हट्टापायी एका बाईचा उजवा हात, आणि काही तास तिचा जीवही, टांगणीला लागला. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

सुरुवात स्टाफरूममध्ये झाली. दुष्काळ सरून दोन उन्हाळे झाले होते. मी वर्गावर खेकडा शिकवून आले होते आणि चहा पिता पिता तेच ऐकवत होते, की खेकडीच्या अंड्यातून खेकडा निघतच नाही. निघतो तो एक डिंभ, म्हणजे डोक्यावर काटेरी टोपी असलेला, खेकड्यासारखा मुळीच न दिसणारा, टाचणीच्या टोकाएवढा जीव. तो पाण्यावर तरंगत हिंडतो, कात टाकत टाकत मोठा होतो आणि मग कधीतरी खेकडा होतो.

आमच्या ऑफिसातले कारकून खंदारे सह्यांचं रजिस्टर घेऊन उभे होते. अबोल माणूस. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या नदीतल्या खेकडीच्या अंड्यातून खेकडंच निघतंय. आईच्या पोटाखाली चिटकून ऱ्हातंय."

"शक्य नाही."

"म्या बघितलंय, मॅडम."

"तुम्ही दुसरं काहीतरी बघितलं असेल," मी म्हणाले, आणि सगळे हसले. खंदारे रजिस्टर घेऊन गेले.

संध्याकाळी लायब्ररीतला जाडजूड ग्रंथ काढला. समुद्रातल्या खेकड्यांवर दहा पानं होती आणि खाली एक ओळ: गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत ही मधली अवस्था नसते, अंड्यातून पिल्लूच बाहेर येतं. ती ओळ मी कॉलेजात असताना कितीदा ओलांडून गेले असेन. रात्रभर कान गरम होते. दुसऱ्या दिवशी खंदाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, "तुमचं खरं, माझं खोटं. मला दाखवाल का?"

ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "मे महिन्यात या. आई दावील. आईसारखा हात नदीवर कुणाचाच न्हाई."

सोनपेठच्या वाटेवर

घरमालकीणबाईंनी विचारलं, "त्यांच्याकडंच जेवणार का?" खंदारे बौद्ध आहेत हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, भूक लागली तर जेवेन. पिशवीत एक रुंद तोंडाची बरणी, फॉर्मॅलिनची बाटली, वाटेत तोंडात टाकायला गूळ, आणि खंदाऱ्यांच्या आईसाठी स्टेशनरोडवरून घेतलेली विड्याची पानं, काथ, चुना, भाजकी सुपारी. पानं ओल्या फडक्यात गुंडाळली होती. आईला पानाचा लय नाद हाय, असं खंदाऱ्यांनी सांगितलं होतं.

एस्टीत शेजारी नारळाची पिशवी घेतलेली एक बाई होती, पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेली. तिनं विचारलं, तुमी कुठं? मी खरं सांगितलं: खेकडे बघायला. तिनं नारळ उचलून दुसऱ्या बाजूला ठेवले आणि पोखर्णी फाट्याला उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

सोनपेठला खंदारे बैलगाडी घेऊन उभे होते. पुढचा रस्ता उन्हानं पांढरा पडलेला. गाडीत मी पाय वर घेऊन बसले, कारण खाली कडबा होता आणि कडब्यात काय असेल सांगता येत नाही.

गोदावरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं मोठा जलाशय. दिसला तो काळा खडक. नदी नुसती खडकाची, मधे मधे डोह, आणि एका कडेनं बारीक धार. मला एकदम घरची ओहोटी आठवली. आमच्याकडेही पाणी उतरलं की असाच काळा खडक उघडा पडतो, बायका कोयती घेऊन कालवं फोडायला जातात. फरक एवढाच की आमच्याकडं पाणी सहा तासांनी परत येतं. इथं ते आषाढाशिवाय यायचं नव्हतं.

खंदाऱ्यांच्या आईचं नाव गयाबाई. उंच, वाळलेल्या, काष्टा घातलेल्या. "जयभीम, या माय," म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन बघितला. "लय मऊ हाय."

त्यांचा उजवा हात मी तेव्हाच पाहिला. तर्जनी बाकीच्या बोटांपेक्षा जाड होती, तिच्यावर पांढऱ्या व्रणांच्या रेघाच रेघा. खेकड्यांनी धरल्याच्या. उन्हाळ्यात रानात काम नसतं तेव्हा घरातलं कालवण आणि सोनपेठच्या बाजारात विकायचे खेकडे, दोन्ही या बोटावर चालायचं. सून विमल दोन वर्षं शिकत होती, पण तिला अजून येत नव्हतं.

"ह्या बोटाला डोळे हायेत," गयाबाई म्हणाल्या, बढाई मारल्यासारखं नाही, डोळे दोन असतात हे सांगावं तसं.

संध्याकाळी विमलनं खेकडे रांधले. बारीक नांग्या पाट्यावर वाटून त्यांचा रस गाळून घेतला, त्याला येसर लावलं, म्हणजे भाजक्या धान्याचं मसाल्याचं पीठ. आमच्याकडं चिंबोरीच्या कालवणात नारळ नसेल तर आई ताट पुढं ढकलेल. इथं नारळाचं नाव नव्हतं. काळं, झणझणीत कालवण, ज्वारीची भाकरी. मी तीनदा वाढून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गयाबाई म्हणत होत्या, "खा माय, अंधारा पंदरवडा हाय, भरलेला हाय खेकडा. चांदन्यात पोकळ असतो." माझी आजी अलिबागला अगदी हेच सांगायची. त्या दिवसात तेवढ्या एका वाक्यापुरती माझी भीती गेली.

खडकावर

सकाळी उन्हं तापायच्या आत आम्ही चौघं खडकावर गेलो. मी वहाणांसकट. गयाबाई अनवाणी.

काठाच्या मातीत, दगडांच्या सांदीत, जिकडं बघावं तिकडं बिळं. गयाबाईंनी मला बिळं वाचायला शिकवलं. तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या पडलेल्या असतील तर खेकडा घरात आहे, रात्री त्यानं घर साफ केलंय. तोंड कोरडं, गुळगुळीत, गोळी एकही नसेल तर त्या बिळाकडं बघायचंसुद्धा नाही.

"का? तिथं कोण असतं?" मी विचारलं.

विमलनं माझ्याकडं घाबरून बघितलं. गयाबाई म्हणाल्या, "त्याचं नाव नदीवर घेत न्हाईत. लांबडं म्हनावं."

लांबडं. मी तो शब्द मनात नीट लिहून घेतला, विद्यार्थी घेतात तसा. पाय एकमेकांवर ठेवून उभी राहिले.

मग त्यांनी एका ओल्या गोळ्यांच्या बिळात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकला, डोळे मिटले. मी स्वतःशी प्राण्यांचं वर्गीकरण म्हणत होते, कुणी रामरक्षा म्हणावी तसं. थोड्या वेळानं त्या "आला" म्हणाल्या आणि हात बाहेर काढला. तर्जनीला खेकडा लटकलेला, बोट नांगीत. त्यांनी खेकड्याला बोट धरू दिलं होतं. हीच त्यांची पद्धत. पुरुष लोखंडी आकडा वापरतात, त्यानं कवच फुटतं आणि फुटका खेकडा उन्हात लगेच नासतो.

"दुखत नाही?"

"दुखतंय की. पर त्यानं धरलं म्हनजे त्योच हाय, दुसरं कुनी न्हाई, हे तरी कळतंय."

मी उलटा करून बघितला. पोटाखालचं झाकण अरुंद, त्रिकोणी: नर. मादीचं रुंद असतं, गोल, परातीसारखं. विमलला मी हे दाखवायला गेले तर ती म्हणाली, "ठावं हाय मॅडम, आमी मादीला पदरवाली म्हनतो." मी खेकडा परत दिला.

उन्हं वर आल्यावर सावलीला बसलो. मी आणलेली पानं काढली, गयाबाईंनी विडा लावला, विमललाही एक दिला. भाजकी सुपारी तिला सोसली नाही. घामाघूम झाली, डोळे गरगरले. "सुपारी लागली," गयाबाई हसल्या. "गूळ द्या तिला, पानी पाजा, पडू द्या घडीभर." दहा मिनिटांत विमल उठून बसली. हे मी लक्षात ठेवलं. नसतं ठेवलं तर बरं झालं असतं.

परत फिरताना गयाबाईंनी सहज एक पसरट दगड उलटला. खाली ओलीत एक मोठी खेकडी बसलेली. पळाली नाही. गयाबाईंनी तिला दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरलं आणि तिचं रुंद झाकण अलगद उघडलं.

आत पिल्लं होती. मुगाच्या डाळीएवढी, आठ पाय, दोन नांग्या, डोळे, सगळं पुरं. डिंभ नाही, टोपी नाही. खेकडेच. एकमेकांवर चढून आईला चिकटलेली. काही हलत होती. मधेच दोन-तीन नारिंगी अंडी राहिली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी.

"लेकुरवाळी," गयाबाई म्हणाल्या.

खंदारे काही बोलले नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही. जिंकलेला माणूस इतका गप्प राहू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, खरंच. आणि त्याच क्षणी मी पिशवीतून बरणी काढली.

"न्हाई माय," गयाबाईंनी खेकडी खाली ठेवली, दगड पुन्हा तिच्यावर तसाच बसवला. "लेकुरवाळी काढत न्हाईत."

मी समजावलं. एकच हवी. आमच्या फळीवर सगळे समुद्राचे खेकडे आहेत, परभणीच्या मुलांना परभणीची खेकडी नको का दिसायला? मी स्टाफरूममध्ये अडाण्यासारखी बोलले तशी उद्या दुसरी कुणी बोलेल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण खरं कारण हे की ती बरणी घेऊन मला स्टाफरूममध्ये जायचं होतं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. दुपारी मी नीट जेवले नाही. माणसानं पाहुणी जाऊन रुसू नये, पण मी रुसले.

पान लागलं

तिसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई स्वतःच म्हणाल्या, "लेक म्हनला, मॅडम पोरास्नी दावाया मागायल्यात. चल, बगू एखादी." मला आनंद झाला. खंदाऱ्यांना घरी भाकरी आणायला मागं ठेवून आम्ही तिघी निघालो. गयाबाईंच्या तोंडात माझाच विडा होता.

कालचा दगड उलटला. खेकडी नव्हती. रात्रीत आईनं घर बदललं होतं.

मग गयाबाई काठाच्या बिळांकडं वळल्या. मी खडकावर जरा वर, बाभळीच्या सावलीत बसले होते, बरणीवर लावायची चिठ्ठी लिहीत. तिथून मला दिसलं, की काल ज्या कोरड्या तोंडाच्या बिळांना त्या लांबूनच टाळत होत्या, तिथंच आज थांबत होत्या. विमल पाणी प्यायला वर आली तेव्हा तिला विचारलं.

"लेकुरवाळी भाइर येत न्हाई, मॅडम. मंग तोंडाला चिखल कुठला?" पाणी न पिताच ती खाली बिळांकडं बघत होती. "म्हनून तर काढत न्हाईत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिल्लांची माया हे एक कारण होतंच. दुसरं हे, की लेकुरवाळीचं बीळ आणि लांबड्याचं बीळ बाहेरून सारखंच दिसतं. मी उठून हाक मारायला हवी होती: गयाबाई, राहू द्या. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, "त्यांच्या बोटाला डोळे आहेत ना," आणि चिठ्ठी पुरी केली. विमल खाली गेली.

थोड्या वेळानं ती धावत वर आली. पदर खांद्यावरून पडलेला. "मॅडम, आत्याबाईला पान लागलं."

मी पिशवीतून गूळ काढला.

मी गूळ काढला आणि म्हणाले, "घाबरू नकोस, काल तुला नाही का लागलं होतं? गूळ दे, पाणी पाज, घडीभर पडू दे." विमल माझ्याकडं बघतच राहिली. तिचे डोळे भरले. मला तर रागच आला, एवढ्याशा सुपारीसाठी रडायचं काय. मी शिकलेली, कॉलेजातली, बरण्यांत सगळी जनावरं ठेवणारी. मला इलाज माहीत असणारच, असं तिला वाटलं असेल. ती गूळ घेऊन गेली.

मी बसून राहिले. नदीकडून वाऱ्याची झुळूक येत होती. बरणीत फॉर्मॅलिन ओतलं. किती वेळ गेला ते मी नंतर अनेकदा आठवायचा प्रयत्न केला आहे. भाकरीचं गाठोडं घेऊन खंदारे काठावरून उतरले, खाली गेले, आणि एकदम पळत वर आले.

"मॅडम, आईला लांबडं चावलं. विमलनं तुमाला सांगितलं न्हाई?"

"ती पान लागलं म्हणाली."

खंदाऱ्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "तेच की, मॅडम," ते म्हणाले.

नाव घ्यायचं नाही, लांबडं म्हणायचं, एवढं मला शिकवलं होतं. ते चावलं तर तेही सरळ म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या पोरासोरांनाही जे माहीत असतं ते मला कशाला सांगतील?

खाली गेले तेव्हा गयाबाई दगडाला टेकून बसल्या होत्या. विमलनं लुगड्याची पट्टी फाडून मनगटावर आवळली होती. तर्जनीच्या पेरावर रक्ताचे दोन ठिपके, आणि बोट पार सुजलेलं. ओठाला गुळाचे कण लागले होते. माझा गूळ. मॅडमनं दिला म्हणून त्यांनी खाल्ला होता, आणि मॅडमनं सांगितलं म्हणून पडून राहिल्या होत्या.

"कसं होतं?" मी विमलला विचारलं.

"बारकं, मॅडम. वीतभर. मातीच्या रंगाचं. आंग आंगाला घासून करवतीवानी वाजत हुतं."

फुरसं. दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरी बरणी. मी दर वर्षी मुलांना सांगते: लहान दिसतं म्हणून फसू नका, याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागतं. पाठ होतं मला सगळं. पाठ असण्याचा उपयोग एवढाच झाला, की पुढं काय काय होणार हे त्या सगळ्यांत मला एकटीला माहीत होतं.

परतीची एस्टी

गावात कुणी म्हणालं, मारुतीच्या पारावर न्या, उतारा करणारा बोलवा. गयाबाईच म्हणाल्या, "दीक्षा घेतल्यापासून ते समदं सोडलंय. दवाखान्यात न्या मला." बैलगाडी सोनपेठपर्यंत अशी पळाली की मला कडब्यात काय असेल याचा विचारही आला नाही.

सोनपेठच्या दवाखान्यातून सांगितलं, यावरची लस परभणीला मिळेल, थांबू नका. एस्टी सुटतच होती. खंदाऱ्यांनी कंडक्टरच्या कानात सांगितलं, कंडक्टरनं ड्रायव्हरच्या. कंडक्टर मागं वळून म्हणाला, "पाव्हणं, एका बाईला पान लागलंय. गाडी आता परभणीलाच थांबंल." सगळ्या गाडीला ते वाक्य कळलं. एकदा सांगितल्याबरोबर. फक्त मला काय ते कळलं नव्हतं.

मी गयाबाईंच्या शेजारी बसले होते. त्या खिडकीतून थुंकत होत्या आणि थुंकी लाल होती. सकाळचा विडा असेल. तोंड एकदा रंगलं की वेळ लागतो. मी स्वतःला हेच सांगत होते. हाताची सूज कोपरापर्यंत चढली होती.

"गयाबाई, तोंडात पान आहे का अजून?"

"न्हाई माय. सकाळीच थुकलं."

त्या पुन्हा थुंकल्या. पुन्हा लाल. मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं, त्यांनी चूळ भरली, ती लाल. दुसरी भरली, तीही लाल. मी तिसरी भरू दिली नाही, कारण मला बघायचं नव्हतं. त्यांच्या तर्जनीवरचा एक जुना पांढरा व्रण ओला झाला होता. आयुष्यात मी खूप गोष्टींना घाबरले आहे. पाल, झुरळ, खोल पाणी, अंधारा जिना. ती सगळी भीती एकत्र केली तरी त्या खिडकीतल्या थुंकीएवढी होणार नाही.

पोखर्णी फाट्यावर माणसं हात दाखवत उभी होती. गाडी थांबली नाही. आतल्या पाच-सहाजणांना तिथं उतरायचं होतं, त्यांच्या हातांत नारळ होते. एकानंही घंटी मारा म्हटलं नाही. एक म्हातारा नुसता फाट्याकडं हात जोडून पुढं बघत बसला.

"माय," गयाबाई म्हणाल्या, "भ्या वाटतंय का?"

"हो."

"मला बी," त्या म्हणाल्या, आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

परभणीच्या दवाखान्यात लस मिळाली. तीन दिवस रक्त गोठत नव्हतं, चौथ्या दिवशी गोठू लागलं. जीव वाचला. तर्जनी वाचली नाही. काळी पडली, मग दोन पेरं काढावी लागली. लवकर आणलं असतं तर बोट राहिलं असतं का, हे डॉक्टरांना विचारायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. विचारलं नाही. आजवर कुणालाच विचारलेलं नाही.

बरण्यांची खोली

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी गयाबाई गावी जाण्याआधी कॉलेजात आल्या. खंदारे म्हणाले, आई म्हणतेय मॅडमची जागा बघायचीय. हाताला पांढरी पट्टी होती. मी त्या हाताकडं सोडून सगळीकडं बघत होते.

"नदीचं कसं होणार आता?" मी विचारलं.

"डावा हाय की. त्याला अजून डोळे फुटायचेत," त्या म्हणाल्या. "विमल शिकंल तवर. अन् तू, पान लागलं म्हनलं की गूळ काढू नको. पळत ये." हसल्या. खंदारेही हसले. मला हसता आलं नाही, तेव्हा गयाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे जास्तच वाईट झालं.

मग त्या बरण्या बघत फिरल्या. समुद्राचे खेकडे बघितले, "लय बारीक पायाचे," म्हणाल्या. एक रिकामी बरणी होती, चिठ्ठी लावलेली. खंदाऱ्यांनी वाचून दाखवली: गोदावरीतली खेकडी, पिल्लांसह. गयाबाईंनी मान डोलावली आणि पुढं गेल्या.

"ह्याच्यात लांबडं हाय का?"

मी दुसऱ्या फळीवरून डावीकडून तिसरी बरणी काढली. त्यांनी ती डाव्या हातात धरली, उजेडाकडं केली. इमारतीत नाव घ्यायला कुणाची बंदी नव्हती, तरी मी फुरसं म्हणाले नाही.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "हे अंडी कुठं घालतंय?"

हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं, आणि ही ओळ मी ओलांडली नव्हती. "हे अंडी घालत नाही," मी म्हणाले. "पिल्लंच होतात, जिवंत. उन्हाळ्यात, याच दिवसांत."

गयाबाईंनी बरणी खाली ठेवली. पट्टीवर दुसरा हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मंग ती बी लेकुरवाळीच आसंल गं माय," त्या म्हणाल्या. "म्या तिच्या घरात हात घातला."

"मी घालायला लावला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणाल्या नाहीत.